ओट्याचा ढाळ

निझवाला आलात तर किल्ल्यातली खजुराची कोठी चुकवू नका. बहुतेक पाहुणे गोल बुरूज चढतात, फोटो काढतात आणि उतरून सूकमध्ये हलवा घ्यायला जातात. कोठीच्या जमिनीवर शेजारी-शेजारी पन्हळी काढलेल्या आहेत. त्यांवर खजुराची पोती एकावर एक रचायची. वरच्या वजनाने पाक पाझरे आणि पन्हळींतून वाहत जाऊन भांड्यात जमे. म्हणजे जमिनीला ढाळ आहे, पण इतका बेताचा की चालताना कळत नाही. मला तिथे आमच्या घरचा स्वयंपाकाचा ओटा आठवला. तो बांधताना आई गवंड्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत होती, "ढाळ सिंककडे हवा हं."

हा बुरूज सतराव्या शतकात इमाम सुलतान बिन सैफने बांधला, साधारण त्याच सुमारास जेव्हा आपल्याकडे महाराज राजगड बांधून घेत होते. इथल्या किल्ल्यांना आणि फलजांना सारूज वापरत. माती भाजायची, कुटायची आणि चुन्यात कालवायची. आपल्या वाड्यांच्या चुन्यातली सुरखी म्हणजे विटांची भुकटी, तीही भाजलेली मातीच. अशी माती चुन्यात मिसळली की गिलावा ओलाव्यातही घट्ट राहतो. सिमेंट येईपर्यंत पाणी अडवायला दोन्हीकडे हीच युक्ती होती.

ओटा मात्र तेव्हा घराबाहेर, अंगणात किंवा दाराशी असे. स्वयंपाक जमिनीवर व्हायचा. चूल, पाट, विळी सगळं खालीच, आणि ती जमीन बाईनं शेणानं सारवायची. ओटा स्वयंपाकघरात आला तो मुख्यतः शहरात. श्रीमंतांकडे आधीही असेल, पण मध्यमवर्गात त्याला जोर आला गॅसमुळे. 1955च्या सुमारास बर्मा शेलचा 'बर्शेन' गॅस मुंबईत मिळू लागला. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच हवी, हा गॅसचा साधा नियम. सिलिंडर काही बुटका नव्हता, तेव्हा शेगडी वर चढली आणि तिच्यामागोमाग बाई उभी राहिली.

आता या ओट्यावर काय लावायचं? 1922 साली फिरोजशा सिधवांनी मुंबईत सुरू केलेल्या भारत टाइल्सच्या नक्षीदार फरश्या तुम्ही जुन्या इमारतींत पाहिल्या असतील. माझ्या मते तितक्या सुंदर फरश्या पुन्हा झाल्या नाहीत. पण त्या सिमेंटच्या, भट्टीत न भाजलेल्या. लिंबू, चिंच, कोकम सांडलं की सिमेंट खाल्लं जातं, म्हणून त्या पायाखालीच शोभल्या. ओट्यावर आला काळा कडप्पा. तोही चुनखडीचाच दगड, आंबटाने त्याचीही चकाकी जाते, पण काळ्यावर डाग लपतात. 1958 साली स्थापन झालेल्या एच अँड आर जॉन्सनसारख्या कंपन्यांमुळे झिलईची सहा इंची पांढरी टाइल इथेच बनू लागली. ती ओट्यामागच्या भिंतीवर चढली, काही घरांत ओट्यावरही. सारवण सुटलं. पण त्या टाइलचे सांधे पांढऱ्या सिमेंटचे होते आणि घर हळदीचं. ज्यांनी जुन्या टूथब्रशने आईला ते सांधे घासताना पाहिलंय, त्यांना अधिक सांगायला नको. नव्वदच्या दशकात ग्रॅनाइट घरोघरी पोचला तो त्याच्या रंगापेक्षा सांधे नसण्यामुळे, असं माझं मत आहे.

मी इथे उलटा प्रवास केला. भाड्याच्या घरातला ओटा लाकडी भुशाच्या बोर्डचा होता आणि सिंकजवळ फुगला होता. घरमालकाची परवानगी घेतली आणि स्वतःच टाइल लावायला बसलो. खोक्यावर 'मोरबी' छापलेलं पाहून उगाच बरं वाटलं. फुगलेला भाग काढला, वर सिमेंटचा बोर्ड स्क्रूने पक्का केला, दातेरी थापीने अॅडहेसिव्ह ओढलं. सांध्यांत इपॉक्सी भरलं, कारण त्यात हळद शिरत नाही. ते भराभर घट्ट होतं, तेव्हा थोडं थोडंच कालवा. टाइल सपाट बसल्या का, हे मी लेव्हलने चार-चारदा तपासलं. बुडबुडा अगदी मधोमध होता. मला केवढा अभिमान!

आई तीन महिन्यांसाठी आली. पहिल्याच संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर तिने ओट्यावर हात फिरवला.

"छान झालंय रे. पण ढाळ कुठाय?"

पाणी भिंतीशी साचलं होतं.

दुसरी गोष्ट तिने सांगितली नाही, मीच पाहिली. आधीच उंच ओटा, त्यावर बोर्ड, त्यावर टाइल, असा तो इंचभर वर गेला होता. माझ्या कोपराला बरोबर, तिच्या मात्र खांद्याला ताण. पोळी लाटताना ती टाचा उचलत होती. गावाकडच्या ओट्याची उंची गवंड्याने कुणाच्या मापाने धरली होती, हे तिला विचारलं. "कुणाच्या म्हणजे? त्याच्याच," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तिने सामानातून विळी काढली, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि भेंडी चिरायला बसली. पोळपाटही खालीच घेतला. गॅसपुरती ती उभी राहते. भिंतीशी साचलेलं पाणी रोज रात्री मी फडक्याने टिपतो.