तेरा दिवसांचं आकाश

इंद्रलाल रॉय हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. २ डिसेंबर १८९८ ला कलकत्त्यात जन्म, शिक्षण लंडनमध्ये. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा हा मुलगा शाळेत होता. वैमानिक व्हायचं म्हणून अर्ज केला, तर नजर अधू म्हणून नाकारला गेला. मग पठ्ठ्याने मोटारसायकल विकून मोठ्या डॉक्टरकडून डोळे पुन्हा तपासून घेतले, असं सांगतात. १९१७ मध्ये तो रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाला.

तेव्हाची विमानं म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेलं कापड! ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना पॅराशूटही मिळत नसे. विमानाने पेट घेतला की जळायचं किंवा उडी मारायची, एवढाच पर्याय.

डिसेंबर १९१७ मध्ये त्याचं विमान कोसळलं. मेला समजून त्याला शवागारात ठेवलं होतं आणि तिथे तो शुद्धीवर आला, अशी एक कथा आहे. खरी-खोटी कशीही असो, पण बरा होत असताना तो विमानांची चित्रं काढत बसे, आणि ती चित्रं आजही आहेत.

जून १९१८ मध्ये तो ४० नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये आला. ६ ते १९ जुलै या तेरा दिवसांत त्याच्या नावावर दहा विजय लागले. २२ जुलैला फ्रान्समध्ये कार्वांच्या आकाशात जर्मन फोकर विमानांशी झुंजताना तो गेला. वय १९. शौर्यपदक मिळालं ते मरणानंतर.

तो एकटा नव्हता. मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंगकर त्याच्या तीनच आठवडे आधी, ३० जून १९१८ ला, जखमी युद्धकैदी म्हणून वारला. हरदितसिंग मलिक मात्र पायात गोळ्या घेऊन वाचला आणि पुढे स्वतंत्र भारताचा फ्रान्समधला राजदूत झाला.

प्रश्न पडतो, ही पोरं नेमकी कुणासाठी लढली? ज्या साम्राज्याने त्यांच्या देशाला गुलाम ठेवलं, त्याच्याचसाठी ना? इंद्रलाल गेल्यानंतर वर्षभराच्या आत जालियनवाला बाग झाली. म्हणूनच बहुधा आपल्याला त्यांचं काय करावं ते कळलं नाही. स्वातंत्र्याच्या गोष्टीत ते बसत नाहीत, आणि साम्राज्याच्या गोष्टीत त्यांना कोपऱ्यातली जागा.

पण मला वाटतं, हिंदी माणसाला विमान झेपणार नाही असं म्हणणाऱ्यांना त्यांनी परस्पर उत्तर देऊन टाकलं होतं. १९५४ मध्ये हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले ते सुब्रतो मुखर्जी. नात्याने इंद्रलालचे भाचे!

फ्रान्समधल्या एस्तवेल गावच्या दफनभूमीत इंद्रलालची कबर आहे. त्यावर बंगाली अक्षरं कोरलेली आहेत. एवढ्या लांब, परक्या मातीत, आपल्या लिपीत आपल्या माणसाने काहीतरी लिहून ठेवलंय. ते कुणीतरी वाचायला हवं, नाही का?