परवाना आणि संहिता : प्रदीर्घ जपानी चित्रमालिकांच्या देशांतराचा इतिहास

एखादी साहित्यकृती एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाते, तेव्हा तुलनात्मक साहित्याभ्यास सामान्यतः तीन घटकांकडे लक्ष देतो : मूळ लेखक, अनुवादक आणि तिचा स्वीकार करणारी वाचकसंस्कृती. जपानी मांगाच्या बाबतीत या तिघांच्या आधी एक चौथा घटक उभा असतो. तो म्हणजे परवाना. कोणती मालिका, कोणत्या देशात, कोणत्या भाषेत, छापील रूपात की चलच्चित्राच्या रूपात, किती मुदतीसाठी आणि कोणत्या फेरफारांसह जावी, हे अनुवादकाने लेखणी हाती घेण्यापूर्वीच करारपत्राने ठरलेले असते. १९६३ पासूनच्या सहा दशकांत ही परवान्याची व्यवस्था कशी घडत गेली आणि तिने ‘मूळ संहिता’ या संकल्पनेला कोणते वळण दिले, याचा विचार केल्याशिवाय मांगाच्या जागतिक प्रसाराचा वाङ्मयीन इतिहास पुरा होत नाही.

१. साप्ताहिक आणि खंड

मांगाचे अर्थकारण प्रकाशनाच्या दोन पायऱ्यांवर उभे आहे. पहिली पायरी स्वस्त कागदावर छापलेल्या जाडजूड नियतकालिकाची. एकाच अंकात अनेक मालिकांची प्रत्येकी वीसेक पाने येतात. दुसरी पायरी ‘तांकोबोन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वतंत्र खंडांची. गाजलेल्या मालिकेची प्रकरणे त्यांत एकत्र केली जातात. अंक वाचून टाकून द्यावयाचा, खंड मात्र जपून ठेवावयाचा, असा हा व्यवहार आहे. कोदान्शाचे ‘शोनेन मॅगझिन’ आणि शोगाकुकानचे ‘शोनेन संडे’ ही दोन्ही साप्ताहिके १७ मार्च १९५९ रोजी एकाच दिवशी निघाली. शुएइशाचे ‘शोनेन जम्प’ १९६८ मध्ये निघाले आणि पुढल्या वर्षी साप्ताहिक झाले.

‘जम्प’ने वाचकांच्या मतपत्रिकांना निर्णायक स्थान दिले. अंकासोबतच्या कार्डावर वाचक आपल्या आवडत्या मालिका कळवीत. त्यांवरून क्रमवारी लागे आणि खाली घसरलेली मालिका काही आठवड्यांतच बंद होई. मालिकेची लांबी ही त्यामुळे लेखकाच्या पूर्वयोजनेपेक्षा वाचकांच्या आठवड्याआठवड्याच्या कौलावर अवलंबून राहिली. क्रमशः प्रकाशित होणारी कथा मराठी अभ्यासकाला अपरिचित नाही. हरि नारायण आपटे यांच्या ‘करमणूक’ पत्राने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची सवय वाचकांना लावली होती. मात्र वाचकाच्या पसंतीची नियमित मोजदाद करून तिच्यावर कथेचे आयुष्य बेतण्याचा प्रकार जपानी साप्ताहिकांनी जितका पद्धतशीरपणे राबवला, तितका अन्यत्र क्वचितच आढळतो.

१९९४ च्या अखेरीस ‘जम्प’च्या एका अंकाचा खप ६५ लाख ३० हजारांवर गेला. तोरियामा आकिरा यांची १९८४ मध्ये सुरू झालेली ‘ड्रॅगन बॉल’ १९९५ मध्ये संपली, १९९६ मध्ये इनोउए ताकेहिको यांची ‘स्लॅम डंक’ संपली आणि १९९७ मध्ये ‘शोनेन मॅगझिन’ने खपात ‘जम्प’ला मागे टाकले. यापुढे साप्ताहिकांची घसरण थांबली नाही. मांगाचा बाजार मात्र नाहीसा झाला नाही. १९९५ मध्ये जपानमधील मांगाची एकूण विक्री ५८,६४० कोटी येन होती. तो उच्चांक २०२० मध्ये ६१,२६० कोटी येनांनी मोडला आणि त्यात डिजिटल आवृत्त्यांचा वाटा निम्म्याहून अधिक होता. साप्ताहिकाचा ऱ्हास आणि मालिकांचा उत्कर्ष या दोन घटना एकाच वेळी घडल्या.

खपाच्या आकड्यांविषयी येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रकाशकांच्या घोषणांमधील आकडा बहुधा छापलेल्या व वितरित केलेल्या प्रतींचा असतो. विकल्या गेलेल्या प्रतींचा नव्हे. ओदा एइचिरो यांच्या १९९७ पासून चालू झालेल्या ‘वन पीस’ची नोंद गिनेस संस्थेने २०१५ मध्ये केली, ती ३२ कोटींहून अधिक ‘प्रकाशित’ प्रतींची होती. २०२२ मध्ये ही संख्या ५० कोटींपलीकडे गेल्याचे जाहीर झाले. त्यांपैकी सुमारे १० कोटी प्रती जपानबाहेरच्या होत्या. याउलट ओरिकोनसारख्या संस्थेचे आकडे दुकानांतील विक्रीच्या अंदाजावर आधारलेले असतात. या दोहोंची सरमिसळ केल्यास लोकप्रियतेचा इतिहास चुकीचा लिहिला जाण्याचा संभव असतो.

२. चलच्चित्राचा हिशेब

मांगावरून दूरचित्रवाणी मालिका करण्याचा पायंडा तेझुका ओसामु यांनी घातला. त्यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही चित्रकथा १९५२ पासून ‘शोनेन’ मासिकात येत होती. १ जानेवारी १९६३ रोजी तिचे चलच्चित्ररूप फुजी वाहिनीवर सुरू झाले. तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शनने प्रत्येक भाग निर्मितीखर्चापेक्षा कमी दराने वाहिनीला दिला आणि तूट भरून काढण्यासाठी पात्रांच्या प्रतिमा वापरण्याच्या हक्कांवर, तसेच परदेशी विक्रीवर भिस्त ठेवली. त्याच वर्षी अमेरिकेतील एनबीसीच्या वितरणशाखेने हक्क घेतले. फ्रेड लॅड यांच्या देखरेखीखाली इंग्रजी रूपांतर झाले आणि नायकाला ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ हे नाव मिळाले. जपानमधील १९३ भागांपैकी १०४ भागच अमेरिकी प्रेक्षकापर्यंत पोचले. परवाना, काटछाट आणि नामांतर या तिन्ही क्रिया अशा प्रकारे पहिल्याच निर्यातीत एकत्र आलेल्या दिसतात. मुशी प्रॉडक्शनचे मात्र १९७३ मध्ये दिवाळे निघाले. हक्कांच्या उत्पन्नावर विसंबण्यातील धोकाही या आरंभीच्या प्रयोगानेच दाखवून दिला.

पुढे १९९० च्या दशकात प्रकाशक, वाहिनी, खेळणी-उत्पादक, संगीत-कंपनी आणि जाहिरात-संस्था यांनी मिळून भांडवल घालण्याची ‘निर्मिती समिती’ची पद्धत रूढ झाली. या पद्धतीत चलच्चित्र हे मांगाचे निव्वळ रूपांतर राहत नाही. ते खंडांच्या विक्रीचे साधनही ठरते. गोतौगे कोयोहारु यांची ‘किमेत्सु नो याइबा’ हे याचे ठळक उदाहरण होय. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेला खपाची खरी उसळी मिळाली, ती २०१९ मधील चलच्चित्रमालिकेनंतर. ओरिकोनच्या २०२० च्या वार्षिक गणनेत तिच्या ८ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याची नोंद आहे. त्याच वर्षी आलेल्या तिच्या चित्रपटाने जपानमध्ये ४,००० कोटी येनांहून अधिक उत्पन्न मिळवून मियाझाकी हायाओ यांच्या २००१ मधील चित्रपटाचा विक्रम मोडला. लेखिकेने मात्र मे २०२० मध्ये, लोकप्रियतेच्या शिखरावर, कथा संपवली. दीर्घता हे यशाचे अपरिहार्य फळ नाही, हेही त्यातून दिसून आले.

दीर्घता आणि निर्यातक्षमता यांचा संबंधही सरळ नाही. हासेगावा माचिको यांच्या ‘साझाए-सान’चे चलच्चित्ररूप १९६९ पासून चालू आहे आणि जगातील सर्वांत दीर्घकाळ चाललेली चलच्चित्रमालिका म्हणून तिची नोंद आहे; तरीही जपानी कुटुंबजीवनाच्या बारकाव्यांत रमणाऱ्या या कथेला परदेशात तुल्य असे स्थान मिळाले नाही.

३. पानाची दिशा

छापील मांगाच्या अनुवादात पहिला वाद उद्भवला तो शब्दांचा नव्हे, पानाच्या दिशेचा. जपानी पान उजवीकडून डावीकडे वाचले जाते. १९८० च्या दशकात अमेरिकेत आलेल्या मालिका आरशातल्या प्रतिमेप्रमाणे उलटवून छापल्या जात, त्यामुळे उजव्या हाताने तलवार चालवणारे पात्र डावखुरे होई. ओतोमो कात्सुहिरो यांची ‘आकिरा’ १९८८ पासून तेथे निघाली, ती उलटवून आणि शिवाय रंगवून. फ्रान्समध्येही १९९० मध्ये ती रंगीत रूपातच अवतरली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मूळ दिशा राखण्याचा आग्रह वाढला आणि २००२ नंतर अमेरिकेत तोच प्रघात झाला. पाने उलटविण्याचा खर्च वाचला, हे त्याचे व्यावहारिक कारण होते. ‘अस्सलपणा’ हे नवे विक्रीमूल्य त्यातून निर्माण झाले, हा त्याचा सांस्कृतिक परिणाम होता.

दूरचित्रवाणीवर मात्र असा संयम आढळत नाही. ‘वन पीस’ अमेरिकेत २००४ मध्ये दाखवली गेली, तेव्हा मुलांच्या वेळेसाठी तिच्यातील कित्येक भाग वगळण्यात आले आणि सिगारेटच्या जागी लॉलीपॉप आला. २००७ मध्ये परवाना दुसऱ्या कंपनीकडे गेल्यावर मालिका नव्याने आणि मूळ रूपाशी प्रामाणिक राहून ध्वनिमुद्रित झाली. एकाच भाषेत एकाच कृतीची दोन परस्परविरोधी रूपे नांदली आणि त्यांतील फरक अनुवादकाच्या दृष्टिकोनाने नव्हे, तर परवानाधारकाच्या बदलाने ठरला.

परवान्याविना झालेल्या प्रसारालाही स्वतःचा इतिहास आहे. व्हिएतनाममध्ये किम दोंग या प्रकाशनसंस्थेने १९९२ मध्ये ‘दोराएमोन’ रीतसर हक्क न घेता छापण्यास आरंभ केला. पुढे करार झाला तेव्हा लेखक फुजिको एफ. फुजिओ यांनी तेथील मानधन व्हिएतनामी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी दिले. चाचेगिरीने तयार केलेल्या वाचकवर्गावरच येथे अधिकृत परवान्याची इमारत उभी राहिली.

४. भारतातील वाट

भारतात अ‍ॅनिमे आधी आले, मांगा नंतर. आणि अ‍ॅनिमे आले ते हिंदी बोलत. निप्पॉन अ‍ॅनिमेशनची १९८९ मधील ‘जंगल बुक’ मालिका दूरदर्शनवर १९९३ मध्ये गाजली, तेव्हा ती जपानी असल्याची जाणीव फारच थोड्यांना होती. २००५ पासून ‘दोराएमोन’ आणि २००६ पासून ‘शिन-चॅन’ हिंदीत दिसू लागल्या. उसुई योशितो यांची ‘क्रेयॉन शिन-चान’ ही १९९० मध्ये जपानमधील प्रौढांच्या साप्ताहिकात सुरू झालेली मालिका. भारतात ती मुलांच्या वाहिनीवर आली, २००८ मध्ये तिचे प्रसारण थांबले आणि पुढे ती काटछाट होऊन परतली. नियतकालिकाने आखून दिलेला वाचकवर्ग हा संहितेचाच एक भाग असतो. परवाना मात्र संहिता नेतो आणि तो भाग मागे ठेवतो, हे या प्रकरणाने स्पष्ट केले.

मुंबईशी प्रत्यक्ष संबंध असलेले उदाहरण ‘सूरज : द रायझिंग स्टार’ या मालिकेचे आहे. काजिवारा इक्की यांनी लिहिलेली आणि कावासाकी नोबोरु यांनी रेखाटलेली ‘क्योजिन नो होशि’ १९६६ ते १९७१ या काळात ‘शोनेन मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाली. गरीब घरातील मुलगा, त्याला कठोर शिस्तीत वाढवणारा बाप आणि बेसबॉल हे तिचे सूत्र. डिसेंबर २०१२ मध्ये हीच कथा मुंबईच्या झोपडपट्टीत आणि क्रिकेटच्या मैदानावर नेऊन हिंदीत प्रसारित झाली. जपानच्या १९६० च्या दशकातील आर्थिक उभारी आणि भारताची समकालीन स्थिती यांतील साम्य ही तिच्यामागची धारणा होती.

मराठी नाट्यपरंपरेतील रूपांतरांशी याची तुलना उद्बोधक ठरते. गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ केले, तेव्हा काय घ्यावे आणि काय टाकावे हे स्वीकारणाऱ्या संस्कृतीने, आपल्या रंगभूमीच्या गरजेनुसार ठरवले. ‘सूरज’मध्ये देशीकरणाचा पुढाकार मूळ हक्कधारकांकडे होता. रूपांतराची दिशा तीच राहिली, अधिकाराचे स्थान मात्र बदलले.

या व्यवस्थेच्या बाहेरची वाटही अस्तित्वात आहे. कोनो फुमियो यांच्या हिरोशिमाविषयक लहानशा कृतीचा हिंदी अनुवाद तोमोको किकुची यांनी ‘नीरव संध्या का शहर’ या नावाने केला. येथे अनुवादकाचे नाव, तिची निवड आणि तिची भाषा वाचकासमोर असते. प्रदीर्घ मालिकांच्या हिंदी ध्वनिमुद्रणात संवाद लिहिणाऱ्याचे नाव सहसा कोणाला ठाऊक नसते, जरी त्याचे शब्द लाखो मुलांच्या तोंडी बसलेले असले तरी. मराठी मुलाला या मालिका बहुधा हिंदीतून भेटल्या आणि त्यांचे छापील खंड इंग्रजीतून. त्याच्या स्वतःच्या भाषेचा विचार करारपत्रात क्वचितच झाला.

जानेवारी २०१९ मध्ये शुएइशाने ‘मांगा प्लस’ ही सेवा सुरू केली आणि नवी प्रकरणे जपानबरोबरच इंग्रजी व स्पॅनिश भाषांत उपलब्ध होऊ लागली. मूळ आणि अनुवाद यांमधील काळाचे अंतर त्यामुळे जवळजवळ मिटले. भाषांमधील श्रेणी मात्र मिटली नाही. परवान्याच्या यादीत कोणती भाषा आहे आणि कोणती नाही, हा प्रश्न वरकरणी व्यापाराचा असला, तरी कोणत्या समाजाला जागतिक कथनाचा वाचक मानले जाते आणि कोणाला केवळ प्रेक्षक, याचा निवाडा त्यातच होत असतो. म्हणून तुलनात्मक अभ्यासकाने मांगाची संहिता वाचताना ती कोणत्या वर्षीची, कोणत्या परवान्याखालची आणि कोणत्या माध्यमातून आलेली आहे, हे आधी पाहणे अगत्याचे आहे.