'कॉमन' आणि 'पार्क' : लंडनच्या एका पायवाटेवरील दोन शब्द

लंडनभोवती वर्तुळाकार फिरणाऱ्या 'कॅपिटल रिंग' या सुमारे १२५ किलोमीटर लांबीच्या पायवाटेचे पंधरा टप्पे आहेत. त्यांपैकी सहावा टप्पा विंबल्डन पार्कपासून रिचमंड पुलापर्यंत जातो. चालणारा प्रथम विंबल्डन कॉमनच्या झाडीतून, १८१७ साली बांधलेल्या पवनचक्कीजवळून पुढे निघतो; नंतर बेव्हर्ली ब्रुक हा ओढा व मोटारींचा हमरस्ता ओलांडून रिचमंड पार्कमध्ये शिरतो. दोन्ही ठिकाणी त्याला कोणी अडवीत नाही. त्यामुळे 'कॉमन' आणि 'पार्क' या शब्दांचे मूळ अर्थ परस्परविरोधी होते, हे सहसा ध्यानात येत नाही.

'कॉमन' म्हणजे सर्वांची जमीन, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. जमीन सरंजामदाराची, आणि तिच्यावर गुरे चारण्याचा किंवा सरपण नेण्याचा हक्क मात्र ठरावीक रहिवाशांचा, अशी ही व्यवस्था होती. आपले 'गायरान' तिच्याशी पूर्णतः जुळत नाही, कारण गायरानाची मालकी सरकारकडे असते. केवळ हिंडण्याचा हक्क कॉमनवरही सामान्य जनतेस नव्हता. १८६४ साली अर्ल स्पेन्सर यांनी विंबल्डन कॉमनला कुंपण घालून तेथे पार्क करण्याची, त्यात स्वतःसाठी घर बांधण्याची व शेजारच्या पटनी हीथचा भाग विकण्याची योजना मांडली. म्हणजे एका शब्दाच्या जागी दुसरा येणार होता, आणि रहिवाशांनी विरोध केला तो नेमका यासच. १८६५ साली कॉमन्स प्रिझर्व्हेशन सोसायटी स्थापन झाली; १८६६ च्या कायद्याने महानगरातील कॉमनांना कुंपण घालण्यास प्रतिबंध झाला. अखेर १८७१ च्या कायद्यान्वये स्पेन्सर यांना वार्षिक १,२०० पौंड देण्याचे ठरून जमीन संरक्षक मंडळाकडे आली. आठ सभासदांपैकी पाच निवडून द्यावयाचे, आणि खर्च कॉमनपासून पाऊण मैलाच्या आतील घरांवर कर बसवून भागवावयाचा. मोकळी हवा फुकट मिळत नाही, हे त्या रहिवाशांनी मान्य केले होते!

'पार्क'ची कथा उलट आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा अर्थ शिकारीसाठी राखलेले बंदिस्त रान. मराठीने हा शब्द घेतला तो उद्यान वा मैदान या अर्थाने; शिवाजी पार्क म्हणताना कुंपणाची कल्पना मनात येत नाही. रिचमंड पार्क मात्र शब्दशः पार्क होते. पहिल्या चार्ल्सने १६३७ साली ते भिंतीने वेढले तेव्हा भोवतालच्या गावांची कॉमन जमीनही आत गेली. लोकांचा रोष शमविण्यासाठी त्याने जुन्या वाटा चालू ठेवल्या. पुढे राजकन्या अमेलिया पार्कची रेंजर झाली आणि १७५१ नंतर तिने त्याही बंद केल्या.

तेव्हा रिचमंडचा मद्यनिर्माता जॉन लुईस न्यायालयात गेला आणि १७५८ साली त्याने पादचाऱ्यांचा हक्क सिद्ध केला. निकाल पादचाऱ्यांपुरताच होता. भिंतीत दार हवे की भिंतीवर शिडी, अशी निवड त्याच्यापुढे आली. दारास कुलूप लागू शकते, हे ओळखून त्याने शिडी मागितली.