तात्यांचा नेव्हिल

आमचे तात्या, म्हणजे आईचे वडील, गिरगावातल्या चाळीत राहायचे. शनिवारी अर्ध्या दिवसानं ऑफिस सुटलं की थेट कूपरेजचं फुटबॉल मैदान. परतले की आजी त्यांना आधी मोरीत पाय धुवायला पाठवी, मगच ताटात भाकरी आणि सुका जवळा. तिच्या लेखी फुटबॉल म्हणजे घरात आलेला चिखल.

तात्यांच्या गोष्टी 1948च्या लंडन ऑलिंपिकपासून सुरू होत. समोर फ्रान्स, आपली बहुतेक पोरं अनवाणी, कप्तान नागा टेकड्यांतला टी. आओ. दोन पेनल्टी हुकल्या आणि 2-1ने हरलो. हे ते इतकं रंगवत की ते स्वतः तिथे होते असंच मला कितीतरी वर्षं वाटे. प्रत्यक्षात त्यांची बोट मालवणच्या पलीकडे गेली नव्हती.

1951ला दिल्लीत मेवालालच्या गोलवर इराणला हरवून आशियाई सुवर्ण मिळालं. पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियानं 10-1 असं धुतलं; हा आकडा तात्या आवाज उतरवून सांगत. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. अनवाणी पायांचं लोकांना फार कौतुक, यावर ते चिडत. ‘पायांचं काय घेऊन बसलात? डोकं रहीमसाहेबांचं होतं!’ सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे मूळचे शिक्षक. त्यांनी प्रशिक्षक म्हणून संघ घडवला, हे तात्यांचं म्हणणं मलाही पटतं.

पण जीव होता तो नेव्हिल डिसोझावर. मूळचा गोव्याचा, मुंबईत टाटांकडून खेळणारा. 1956ला मेलबर्नमध्ये त्यानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. सामना 4-2ने जिंकून आपण उपांत्य फेरीत गेलो, शेवटी चौथे आलो. इराण्याकडे आपण नेव्हिलच्या टेबलावर चहा प्यायलो, असं तात्या सांगत. मामाला आठवतं ते शेजारचं टेबल. टेबल कुठलंही असो, कूपरेजवर दिसणारा पोरगा जगात नाव काढतो याचं अप्रूप अख्ख्या चाळीला होतं.

1962ला जकार्ताचे आशियाई खेळ. प्रेक्षक आपल्यावर खवळलेले, रहीमसाहेब कर्करोगानं पोखरलेले, बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके, आणि तरी त्याला पुढच्या फळीत खेळवलेलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल, दोघांचे गोल, 2-1. संघात फॉर्च्युनाटो फ्रँकोही होता, म्हणजे पुन्हा गोवा, पुन्हा टाटा! आशियाई सुवर्ण त्यानंतर आजवर नाही. रहीमसाहेब पुढच्याच वर्षी गेले.

जकार्ता जिंकलं त्या दिवशी तात्यांनी चाळभर पेढे वाटले आणि उरलेले चार स्वतःपुढे ओढले. आजीनं पुडा उचलला. ‘खेळली ती पोरां, नि पेढे तुमका कित्याक?’