तळटीप १४ : ‘आयम नॉट इन लव्ह’

१४. टेन सीसी या इंग्लिश बँडचे १९७५चे गाणे. ‘द ओरिजिनल साउंडट्रॅक’ या अल्बममधील. लेखकाने वर त्याला प्रेमभंगाचे गीत म्हटले आहे, ते पटत नाही. ‘तुझं माझ्यावर प्रेम आहे, असं तू वरचेवर का म्हणत नाहीस?’ या पत्नीच्या प्रश्नावरून बँडमधल्या एरिक स्टुअर्टला ते सुचले. सहकारी ग्रॅहम गूल्डमनच्या साथीने त्याने ते पुरे केले. गाणारा प्रेम नाकारत राहतो, तिचा फोटो भिंतीवर का लावला याचीही सबब सांगतो आणि प्रत्येक सबबीगणिक अधिकच उघडा पडतो. पहिली, बोसा नोव्हा ठेक्यातली आवृत्ती बँडने टाकून दिली होती. मग स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत बँडमधल्या तिघांनी एकेक स्वर १६ वेळा गाऊन ध्वनिमुद्रित केला, म्हणजे दर स्वराला ४८ आवाज. त्या टेपची वेटोळी अखंड फिरती ठेवून, मिक्सिंग डेस्कवर स्वरांचे आवाज कमी-जास्त करत तो विलक्षण कोरस उभा केला. सारे माणसांचेच गळे. शब्द जे नाकारतात ते हा कोरस कबूल करतो. गाण्याचा खरा अर्थ मला तिथेच सापडतो. ब्रिटनमध्ये ते पहिल्या, अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. — संपा.