जुन्या मोटारींतील ठिणगीची वेळ

आपल्याकडे मोटारीचा इतिहास लिहावयाचा म्हटलें कीं कोणत्या सालीं कोणत्या संस्थानिकानें कोणती गाडी आणविली, एवढ्यावरच लेखक समाधान मानतात. तें यंत्र चालतें कोणीं ठेवलें आणि त्यासाठीं त्याला काय शिकावें लागलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. परभणी जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याच्या रेल्वेनें १९३२ सालीं २७ बसगाड्यांनिशीं रस्त्यावरील वाहतूक सुरू केली. परभणी, सेलू, मानवत हीं गांवें आगगाडीनें जोडलेलीं. परंतु जिंतूरसारख्या गांवाला रस्त्यावांचून गति नव्हती. अशा मुलखांत काळ्या मातींत चाक रुतलें म्हणजे इंजिनाचा आणि ड्रायव्हरचा, दोघांचाहि कस लागे.

दट्ट्या अगदीं वर पोंचला कीं ठिणगी पडावी, असें आपणांस सहज वाटेल. पण इंधन पेटावयास वेळ लागतो, म्हणून ठिणगी थोडी आधीं पाडावी लागते. किती आधीं, तें अंशांत मोजतात. मिनिटास ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनांत एक अंश म्हणजे सेकंदाचा १८,००० वा भाग! ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन ठोकूं लागतें. उशिरां पडली तर जोर जातो आणि उष्णता धुराबरोबर बाहेर पडते. जुन्या फोर्ड ‘टी’ गाडींत ही वेळ ड्रायव्हरच्याच हातीं असे. चक्राच्या डाव्या बाजूचा दांडा तो इंजिनाचा आवाज ऐकून सरकवी. हँडल मारण्यापूर्वीं दांडा मागें घ्यावयाचा विसरला, तर उलट झटक्यानें मनगट मोडण्याची धास्ती असे. पुढें अमेरिकेंतील केटरिंग यानें सिद्ध केलेली बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची पद्धति १९१० नंतर पसरली. वाढत्या वेगाबरोबर वेळ पुढें नेण्याचें काम डिस्ट्रिब्यूटरमधील वजनें करूं लागलीं. ड्रायव्हरचा हात मोकळा झाला, आणि कानहि थोडा बोथटला असावा.

तो कान पुन्हां कामीं आला दुसऱ्या महायुद्धांत. १९४१ पासून पेट्रोलवर नियंत्रण आलें आणि देशांतील पुष्कळ मोटारींच्या पाठीशीं कोळशाची भट्टी बसली. या भट्टीतील वायूचा जळणारा भाग मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे प्राणघातक विषच. बंद जागेंत भट्टी ढवळणें जिवावर बेतण्यासारखें होतें. शिवाय हा वायु मंद जळतो. म्हणून ठिणगी पेट्रोलपेक्षां सुमारें दहा-पंधरा अंश आधीं पाडावी लागे. एवढें करूनहि शक्ति तिसऱ्या हिश्शानें किंवा त्याहूनहि अधिक घटे, तेव्हां चढावर उतारूंनीं उतरणें ओघानेंच आलें. गाडी पेट्रोलवर सुरू करून मग वायूवर न्यावयाची असेल, तर एकाच इंजिनाला दोन वेळा सांभाळाव्या लागत. हें शास्त्र ड्रायव्हरनें शिकलें तें पुस्तकांतून नव्हे. आपण मात्र त्याला अडाणी म्हणून मोकळे होतों.

युद्ध संपलें, निजामाचें राज्य १९४८ सालीं गेलें, आणि अमेरिकन विलीजच्या धर्तीची जीप मुंबईंत जुळविली जाऊं लागली. तिच्या जुन्या सहा व्होल्टच्या इंजिनाची नेमलेली वेळ पांच अंश आधीं. अशी जीप बाळगणारे हौशी लोक आजहि आहेत, आणि गाडी चढावर दमली कीं ते प्रथम जोरदार कॉइल बसवितात. कॉइल निरुपयोगी नव्हे. ३,००० फेऱ्यांस चार सिलिंडरांना सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. प्रत्येकीसाठीं कॉइल भरावयास सेकंदाचा शंभरावा भागहि पुरता मिळत नाहीं, आणि दुबळी कॉइल तेथें मागें पडते. पण कॉइल ठिणगीला बळ देते, वेळ देत नाहीं. पॉइंटची टांच झिजून फट कमी झाली म्हणजे ठिणगी आपोआप उशिरां पडते. तेथें कितीहि महागडी कॉइल लावली तरी उशीर तसाच राहतो. उलट कमी रोधाची कॉइल तिच्या जोडीचा रोधक न लावतां बसविली, तर पॉइंट लवकर जळतात.

यासाठीं आधीं फट, मग वेळ, आणि शेवटीं कॉइल हाच क्रम योग्य. शिवाय तो पांच अंशांचा आंकडा त्या काळच्या हलक्या पेट्रोलसाठीं ठरविलेला आहे. आजचें इथेनॉलमिश्रित पेट्रोल सहजासहजीं ठोकत नाहीं. तेव्हां एखाद-दुसरा अंश पुढें सरकवून, भरलेली गाडी जिंतूरकडील चढावर नेऊन, कान देऊन ऐकावें.