शुश्रूषा करणाऱ्यांची विचारपूस

रुग्णालयांचा इतिहास म्हणजे औषधांचा, शस्त्रक्रियांचा आणि थोर वैद्यांचा इतिहास, अशी आपली समजूत असते. रुग्णाच्या उशाशी रात्रंदिवस उभी असणारी परिचारिका त्यात सेवेची मूर्ती म्हणून येते. थकणारे, भिणारे, वैतागणारे माणूस म्हणून क्वचितच येते. मूर्तीची पूजा केली की भागते, तिची विचारपूस करावी लागत नाही. ही विचारपूस शास्त्रीय रीतीने कशी सुरू झाली, आणि पुढे तिला वेग का द्यावा लागला, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

१९५० नंतरच्या दशकातली गोष्ट. लंडनमधील एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयात परिचारिकांच्या नेमणुकांची घडी मोडू पाहत होती. परिचारिका सुमारे ७००. त्यांतील पूर्ण शिकलेल्या सुमारे १५०, बाकीच्या विद्यार्थिनी. या विद्यार्थिनींपैकी जवळजवळ एक-तृतीयांश मुली शिक्षण अर्ध्यावर टाकून जात. आणि बहुतेक जणी नापास होऊन नव्हे, तर आपण होऊन जात. रुग्णालयाने टॅव्हिस्टॉक संस्थेला पाचारण केले. इझाबेल मेंझीस या मनोविश्लेषक बाईंनी सुमारे ७० परिचारिकांच्या मुलाखती घेतल्या, कक्षांतील काम डोळ्यांनी पाहिले, आणि १९६० साली आपला निबंध प्रसिद्ध केला.

त्यांना काय आढळले? मृत्यू, वेदना आणि घाण यांच्या सहवासाने मनात जी भीती उठते, ती दडपण्यासाठी रुग्णालयाने कामाची एक रचनाच उभी केली होती. एका परिचारिकेकडे एक रुग्ण न देता अनेक रुग्णांची एकेक किरकोळ कामे दिली जात. रुग्णाला नाव नसे. 'दहाव्या खाटेवरचे यकृत' असा त्याचा उल्लेख होई. झोपेची गोळी देण्यासाठी झोपलेल्या रुग्णाला जागे केले जाई, कारण वेळापत्रक तसे सांगे. विद्यार्थिनींच्या बदल्या सारख्या चालूच. परंतु या रचनेने भीती शमत नव्हती; उलट रुग्णाला बरे केल्याचे समाधान मात्र हिरावले जाई. म्हणजे दुखणे मुलींच्या दुबळ्या मनात नव्हते, कामाच्या मांडणीत होते. पुढे काही फेरफार झाले; पण मूळ रचना फारशी हलली नाही, हे मेंझीसबाईंनीच नमूद केले आहे.

आता वेगाकडे वळू. त्याचा उगम रुग्णालयात नव्हे, शेतात आहे. ग्रामविकासाच्या योजनांसाठी प्रचंड पाहण्या होत, आणि त्यांचे जाडजूड अहवाल हाती येईपर्यंत निर्णय होऊन गेलेले असत. म्हणून १९७८ साली ससेक्स येथील विकास-अध्ययन संस्थेत शीघ्र पाहणीच्या पद्धतींवर विद्वानांनी विचार केला. रॉबर्ट चेंबर्स हे त्यांतले प्रमुख. घाईचा दोषही त्यांनीच परखडपणे दाखविला: घाईतला पाहुणा डांबरी रस्त्यालगतचीच गावे पाहतो, आणि तीही कोरड्या हंगामात. १९८७ साली सुझन स्क्रिमशॉ व एलेना उर्टाडो यांनी हीच दृष्टी आरोग्यकार्यासाठी एका हस्तपुस्तिकेत आणली. २०१३ च्या सुमारास अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांशी संबंधित संशोधक ॲलिसन हॅमिल्टन यांनी तिला सुटसुटीत रूप दिले.

पद्धत साधी आहे. मुलाखतीचा शब्दन् शब्द उतरवून त्यावर महिनोन् महिने खुणा करीत बसावयाचे नाही. ठरलेल्या मथळ्यांखाली मुलाखतीचा सारांश तत्काळ लिहावयाचा, आणि सर्व सारांश एका कोष्टकात मांडावयाचे: आडव्या ओळीत माणूस, उभ्या रकान्यात विषय. आरंभीचे काही सारांश दोघांनी स्वतंत्रपणे करून ताडून पाहावयाचे, म्हणजे एकाचा ग्रह सर्वांच्या माथी बसत नाही.

२०२० साली करोनाची साथ आली तेव्हा या पद्धतीची कसोटी लागली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील सेसिलिया विंद्रोला-पाद्रोस आणि त्यांचे सहकारी यांनी आघाडीवरच्या ३० कर्मचाऱ्यांशी दूरध्वनीवरून बोलून, धोरणपत्रेही तपासून, त्याच वर्षी निष्कर्ष प्रसिद्ध केले. संरक्षक पोशाख अपुरे, मिळाले तर मापाचे नाहीत आणि अंगात उकडणारे. चाचण्या नियमित नाहीत. नव्या कामावर धाडलेल्यांना शिक्षण नाही, अशी गाऱ्हाणी निघाली. सहकाऱ्यांचा एकोपा आणि मानसिक आधाराची नवी व्यवस्था यांचा दिलासा वाटल्याचेही त्यांनी सांगितले. आधाराची योजना निरर्थक नव्हती. पण ती मापाच्या पोशाखाची जागा घेऊ शकत नव्हती.

या इतिहासाचे तात्पर्य येथेच आहे. आज कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्यासाठी रुग्णालये योगवर्ग, समुपदेशन, विश्रांतिकक्ष अशा योजना काढतात. "वर्ग आवडला का?" एवढेच विचारले, तर उत्तर कितीही लवकर आले तरी ते डांबरी रस्त्यालगतचेच. रात्रपाळीची परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांना गाठले पाहिजे. वर्गाला येता न आलेल्यांना आधी गाठले पाहिजे. आणि विचारावयाचे ते कामाविषयी: पाळ्या कोण ठरवतो, एका जीवावर किती रुग्ण पडतात, चूक झाली तर कोणाशी बोलता येते?

मेंझीसबाईंनी खोल पाहिले, पण पाहिलेले रुग्णालयाला पचले नाही. शीघ्र पद्धतीमुळे निर्णय व्हायच्या आत उत्तर हाती येते, ही फार मोठी सोय आहे. परंतु विचारपूस लवकर झाल्यामुळे ऐकणाऱ्याचे उत्तरदायित्व कमी होत नाही. उलट 'अहवाल अजून यावयाचा आहे' ही जुनी सबब तेवढी त्याच्या हातून निसटते.